एकशे सतरा क्रमांकाचं मीठ

आगरवाड्याला बस सोडते तिथून
बांधावरून वीस मिनिटं.
पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, एक रिकामा निळा कॅन
आणि मीठ.
मिठागरावर मी मीठ घेऊन चाललेय
याचं बांबोळीच्या डॉक्टरांना काही वाटलं नाही,
मंजुरी देणाऱ्या समितीलाही नाही.
खंड्याने तेवढी मान वळवली.

न्हानू मांद्रेकर, वय चौसष्ट, क्रमांक एकशे सतरा.
घोट्यापर्यंत पांढरे पाय,
संमतीपत्रावर सावकाश, वळणदार सही.
पहिली नोंद : एकशे अडुसष्ट, खाली अठ्ठ्याण्णव.
“चोवीस तासांची लघवी, काका, सगळी ह्या कॅनमध्ये.
एक थेंब बाहेर जाता कामा नये.”
त्यांनी कॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
दाराआड त्यांची बायको तोंडात पदर कोंबून हसत होती.
“आगरार आसतना लेगीत?”
आगरावरसुद्धा.
दुसऱ्या दिवशी एका हातात दांडा, एका हातात कॅन,
रॉकेलच्या रांगेला निघावं
तसे ते बांधावरून चालत गेले.

पुडक्यांवर फक्त एक अक्षर. यांच्या पुडक्यांवर ‘क’.
‘क’ म्हणजे कमी सोडियमचं की रोजचं,
मला ठाऊक नाही.
ठाऊक नसणं हाच माझ्या नोकरीचा पहिला नियम.

दुसरा नियम ब्युरेटचा.
सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं,
खालचं पिवळं पाणी हलवत राहायचं, हलवतच राहायचं.
पांढरा गढूळपणा दाटत जातो
आणि मग एकाच थेंबाला
पाण्यावर चढतो चिऱ्याच्या भिंतीचा रंग.
तिथं थांबायचं.
त्या एका थेंबासाठी मला पगार मिळतो
आणि आठ दिवस न जाणारी काळी बोटं.
बसमध्ये सुट्टे देताना कंडक्टर बघतो.
सांगावं काय त्याला?

बारा महिने.
शेवटच्या भेटीत एकशे छत्तीस, खाली चौऱ्याऐंशी.
मी पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा तेच.
काकी म्हणाल्या, जेवल्याबिगर धाडचें ना.
पेज, निखाऱ्यावरचा खारा बांगडा, तोरांचं लोणचं,
आणि करटीतून चिमूटभर वर :
करडं, जाड, ओलसर.
आमच्या पुडक्यातलं मीठ असं नसतं.

आधी मी जेवले. मग विचारलं.

त्यांनी हनुवटीनं दाखवलं.
मिठाच्या राशीवर माडाची झापं
आणि झापांवर, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून,
ओळीनं बारा पुडकी. एकाचीही शिवण उसवलेली नाही.
“तुमचें मीठ बरें, बाय. जड आसा.”

“मग दाब उतरला कशानं?”
त्यांनी खरंच विचार केला,
चुळ भरली, अंगणात थुंकले.
“तूं येतालें न्हय, म्हयन्यांतल्यान एक फावट.
त्या दिसा हांव इल्लो बसतालों.”

ह्यासाठी आमच्या तक्त्यात रकाना नाही.

त्या महिन्यातही पाणी आपल्या जागीच लाल झालं होतं,
वर्षभर होत होतं तिथंच. तेवढंच मीठ.
मी ते आकडे ओळीत लिहिले होते, वाचले नव्हते.
मग संकेत फुटले. ‘क’ म्हणजे कमी सोडियमचं.
कागदावर न्हानू मांद्रेकर आमचं सर्वांत देखणं यश.
डॉक्टरांनी त्यांच्या रेषेवर बोट फिरवलं,
उतरत जाणारी, खाडीसारखी निवांत.
मी गप्प बसले असते तर चाललं असतं.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
कुठल्या, ते सांगत नाहीत.
मी लाल शाईनं लिहिलं : पुडकी वापरली नाहीत.
एकशे सतरा मोजणीतून बाहेर.

परवा रविवारी बसले त्याच बसमध्ये.
कॅन परत आणायचा राहिला होता, असं स्वतःला सांगत.
काकींनी त्यात अबोली लावलीय, फुललीसुद्धा.
मी यंत्र नेलं नव्हतं.
न्हानूकाका दांडा भिंतीला टेकवून येऊन बसले,
आणि सवयीनं
डावी बाही वर सारली.